गिअरबॉक्स दोनदा उघडला, तरी चढावर काटा पळतोच: ताकद वाढवलेल्या पिकअपमध्ये आधी काय बदलायचं?

"दादा, गिअरबॉक्स परत गेला."

रविवारी दुपारी मित्राचा फोन. केंटकीतून टेनेसीत शिरताना आय-७५ वर जेलिकोचा डोंगर लागतो, तिथे कडेला थांबला होता. मागे नऊ हजार पौंडांचा ट्रेलर, बायको-मुलं गाडीत, आणि बॉनेटखालून जळक्या तेलाचा वास. ताशी साठ मैलांच्या स्पीडला आरपीएमचा काटा दीड हजारावर असायला हवा होता. तो सावकाश अठराशेवर गेला, स्पीड मात्र तसूभर वाढला नाही.

गाडी २००५ ची डॉज राम २५०० पिकअप, फोर बाय फोर. इंजिन ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं कमिन्स, गिअरबॉक्स ४८आरई ऑटोमॅटिक, मागच्या ॲक्सलचं रेशो ३.७३ (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ३.७३ फेऱ्या). त्यावर याने हौसेने पस्तीस इंची टायर चढवले आणि एक ट्यूनर, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणारं यंत्र, बसवला. आम्ही राहतो इंडियानातल्या कोलंबसला. कमिन्सचं मुख्यालय याच गावात आहे आणि गावाच्या दक्षिणेला वेल्सबरोच्या कारखान्यात ही इंजिनं बनत. कोथरूडहून आलेली माणसं इथे इतकी आहेत की मराठीत डिझेलवर बोलायला कधी कुणी शोधावं लागत नाही. त्यामुळे सल्ले भरपूर मिळाले होते. गिअरबॉक्सही दोनदा उघडून झाला होता. दुखणं जागच्या जागी.

हाच प्रकार आणखी तीन-चार गाड्यांत पाहिला, म्हणून सविस्तर लिहितो. गाडी दुसऱ्या कंपनीची असेल तर आकडे बदलतील, तपासाची पद्धत बदलणार नाही.

हॉर्सपॉवर विसरा, टॉर्क धरा

हे इंजिन कंपनीतून ३२५ हॉर्सपॉवर आणि ६१० पाउंड-फूट टॉर्क घेऊन आलं, तो टॉर्कही १६०० आरपीएमला. आपल्या मापात ८२७ न्यूटन-मीटर. भारतात मिळणाऱ्या ऑटोमॅटिक टोयोटा हायलक्सचा टॉर्क ५०० आहे, त्यावरून अंदाज करा. ४८आरई चार गिअरचा गिअरबॉक्स आहे, १९६२ च्या टॉर्कफ्लाइट ७२७ च्या घराण्यातला, मागे ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे चौथ्या गिअरचं, युनिट जोडलेला. (त्याच १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली. योगायोग, दुसरं काही नाही.) नेमून दिलेल्या टॉर्कला हा गिअरबॉक्स इमानाने काम करतो. ट्यूनर लावल्यावर आपण त्याच्याकडून जे मागतो, ते त्याच्या करारात नव्हतं.

गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटला हॉर्सपॉवर कळत नाही. तिला कळतो तो पीळ, म्हणजे टॉर्क. हिशेब शाळेतला आहे: टॉर्क बरोबर हॉर्सपॉवर गुणिले ५२५२, भागिले आरपीएम. ४०० हॉर्सपॉवर २८०० आरपीएमला काढली तर टॉर्क येतो ७५०. तीच ४०० हॉर्सपॉवर १८०० ला काढली तर ११६७. "माझ्या गाडीत चारशेच आहेत" असं कुणी म्हणालं की माझा पुढचा प्रश्न असतो, कितीला?

आता मित्राचा जेलिको याच हिशेबात बसवू. गाडी आणि सामान आठ हजार पौंड, ट्रेलर नऊ हजार, एकूण सतरा हजार. चढ पाच टक्के धरा, स्पीड साठ मैल. नुसतं वजन वर ओढायला १३६ हॉर्सपॉवर लागते. वारा आणि टायरचं घर्षण धरून आणखी ऐंशीच्या आसपास. म्हणजे साधारण २१५. चौथ्या गिअरमध्ये, पस्तीस इंची टायरवर, साठला इंजिन फिरतं १५०० आरपीएमला. तिथे २१५ हॉर्सपॉवर काढायची तर टॉर्क हवा ७५० पाउंड-फूट.

कंपनीच्या इंजिनाकडे ६१० च होता. म्हणून मूळ गाडी अशा चढावर चौथ्यात टिकलीच नसती, मुकाट्याने तिसऱ्यात उतरली असती. ट्यूनरने काय केलं, तर तिला चौथ्यात टिकण्याची ताकद दिली. मित्राला वाटलं, वा, आता गिअर उतरवावाच लागत नाही. गिअरबॉक्स जळायला सुरुवात झाली ती त्या क्षणापासून.

तिसऱ्यात तीच साठची स्पीड २१८० आरपीएमला मिळते, आणि टॉर्क लागतो ५१८. एका बटणाचा फरक आहे. ट्रेलर मागे असेल आणि चढ दिसला की ओव्हरड्राइव्ह बंद करा. पैसा न लागता होणारी ही एकच दुरुस्ती, आणि नेमकी तीच कुणी करत नाही, कारण २२०० ला इंजिनाचा आवाज येतो आणि डिझेल जास्त जातं असं वाटतं.

आधी ठरवा, घसरतंय कोण

"गिअरबॉक्स स्लिप होतोय" हे वाक्य "पोटात दुखतंय" इतकंच उपयोगी आहे. कुठे, कधी, किती वेळ? या गिअरबॉक्समध्ये काटा पळण्याची निदान तीन वेगळी कारणं असतात आणि तिन्हींचा खर्च वेगळा.

थोडी रचना सांगतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलात समोरासमोर ठेवलेले दोन पंखे, असं समजा. एक फिरला की तेलाच्या झोताने दुसरा फिरतो, पण थोडा मागे राहतो. हायवेवर हा फरक राहू नये म्हणून आत एक लॉकअप क्लच असतो. तो लागला की इंजिन आणि गिअरबॉक्स एकजीव फिरतात. ४८आरईमध्ये लॉकअप चौथ्यात लागतो, आणि ओव्हरड्राइव्ह बंद केलं तर तिसऱ्यातही. ही शेवटची गोष्ट तपासात फार कामाला येते.

तपासाला लागतो फोन, एक सोबती आणि थोडं गणित. जीपीएसवरचा खरा स्पीड मैलांत घ्या, त्याला मागच्या रेशोने गुणा, गिअरच्या रेशोने गुणा (चौथा ०.६९, तिसरा १), मग ३३६ ने गुणा आणि टायरच्या इंचांतल्या व्यासाने भागा. आला तो आरपीएम. मूळ टायर साधारण ३१.६ इंचांचा, तर पासष्टला चौथ्यात १७८० च्या आसपास यायला हवं. टायर वजनाने थोडा दबतो म्हणून ४०-५० जास्त दिसलं तर घाबरू नका. 'पस्तीस' म्हणून विकलेला टायर मोजला तर साडेचौतीसच भरतो, त्यावर पासष्टला १६३०. गाडीच्या स्पीडोमीटरवर मात्र हे करू नका. टायर बदलल्यावर तो खोटं बोलतो, आणि मित्राचा तर दोन वर्षं बोलत होता.

आता रिकाम्या रस्त्यावर, सपाटीवर, स्थिर स्पीडला काटा वाचा. वाचणारा सोबतीच असावा, गाडी चालवणारा नव्हे. मग ॲक्सिलरेटर तसाच धरून ब्रेकच्या पेडलला डाव्या पायाने नुसता स्पर्श करा, ब्रेक लागेल इतका नाही, मागचा दिवा लागेल इतकाच. लॉकअप सुटतो आणि काटा दोन-चारशेने वर उडतो. उडाला तर आधी लॉकअप लागलेला होता. अजिबात हलला नाही तर तो मुळात लागतच नव्हता.

नंतर खरी परीक्षा, वजन आणि चढ. चौथ्यात काटा हळूहळू वर सरकतो का? सरकला तर पाय सोडा, ओव्हरड्राइव्ह बंद करा आणि तसाच जोर तिसऱ्यात लॉकअप लागलेला असताना द्या. दोन्हीकडे सरकला तर संशयित कन्व्हर्टरचा क्लच. चौथ्यातच सरकला आणि तिसऱ्यात काटा खिळ्यासारखा उभा राहिला, तर कन्व्हर्टर निर्दोष, ओव्हरड्राइव्हचा क्लच दोषी. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन क्षणभर मोकळं गुरगुरत असेल तर फ्रंट क्लच किंवा बँडकडे (ड्रमला आवळून धरणाऱ्या पट्ट्याकडे) बघायचं, ती वेगळी गोष्ट.

मित्राची गाडी घरी आणल्यावर आम्ही हेच केलं. तिसऱ्यात पंचावन्नला हिशेबाने २००० यायला हवे होते, काटा २०३० वर. पाय दाबला, तरी २०३०. चौथ्यात मात्र वजन पडताच तीनशेने वर. दुसऱ्यांदा काम केलेल्या दुकानाने फोनवरच निदान दिलं होतं, "कन्व्हर्टर गेला, नवा टाका." तोच कन्व्हर्टर, जो त्यांनीच चौदा महिन्यांपूर्वी टाकला होता, आणि जो गाडीतला सगळ्यात निरोगी भाग निघाला.

सपाटीवर नाचणारा काटा: हा आजारच वेगळा

मित्राची दुसरी तक्रार होती, आणि त्याने ती पहिलीत मिसळून सांगितली होती. सपाट रस्त्यावर, ट्रेलर नसताना, पाय हलका असताना पन्नासच्या आसपास काटा अचानक अडीचशेने वर, लगेच खाली, परत वर. कुणी पायाने ताल धरावा तसा.

घसरणारा क्लच असा नाचत नाही. तो जोर पडल्यावर सरकतो आणि सावकाश सरकतो. ठोक्याने वर-खाली होतोय म्हणजे लॉकअप लागतोय आणि सुटतोय, आणि तसा हुकूम त्याला कॉम्प्युटर देतोय. कॉम्प्युटर तो हुकूम ॲक्सिलरेटरच्या सेन्सरवरून ठरवतो. त्या सेन्सरच्या वायरीत विजेचा खरखराट शिरला की कॉम्प्युटरला वाटतं, पाय हलतोय.

या पिढीच्या डिझेल रामचा हा जुना, सर्वांच्या परिचयाचा विकार आहे. बहुतेक वेळा मूळ दोन ठिकाणी सापडतं: अल्टरनेटरचा डायोड गळका किंवा अर्थिंगची वायर गंजलेली. मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा, डीसीवर नव्हे, आणि इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर धरा. या गाडीत बॅटऱ्या दोन, दोन्हींवर बघा. एक दशांश व्होल्टच्या वर दिसलं तर अल्टरनेटरवर संशय घ्या. खात्री करायची तर इंजिन बंद करून अल्टरनेटरचा फील्डचा छोटा प्लग काढा आणि दिवसाउजेडी पंधरा मिनिटं फिरून या. बॅटरीचा दिवा लागेल, लागू दे. काटा शांत झाला तर चोर सापडला.

मित्राकडे ०.२ च्या वर दाखवत होतं. अल्टरनेटर बदलला, दोन्ही बॅटऱ्यांच्या अर्थिंगची टोकं घासून साफ केली, नाच थांबला. कन्व्हर्टर बदलण्याच्या खर्चापुढे हे सगळं चिल्लर. किती जणांनी या नाचापायी गिअरबॉक्स खाली उतरवला असेल, विचारू नका.

याच्याच शेजारचा आणखी एक प्रकार. उभ्या गाडीतून निघताना ती पहिल्याऐवजी वरच्या गिअरमध्ये असल्यासारखी जड उठत असेल तर गव्हर्नर प्रेशरचा (स्पीडप्रमाणे गिअर ठरवणाऱ्या तेलाच्या दाबाचा) सोलेनॉइड आणि सेन्सर बघा. सर्वसाधारण हिशेब असा की एका मैलाच्या स्पीडला एक पीएसआय प्रेशर. गाडी उभी असताना ते जवळपास शून्य नसेल तर गिअर चुकणारच. सुटा भाग आहे, ऑइल पॅन काढून बदलता येतो.

तेल, आणि ज्याकडे कुणी बघत नाही तो कूलर

तेल बघताना एक चूक सर्रास होते. गाडी पार्कमध्ये ठेवून डिपस्टिक ओढतात. मूळ स्थितीतल्या ४८आरईमध्ये पार्कला कन्व्हर्टरकडे तेल जात नाही, त्यामुळे पातळी फसवी येते. तेल गरम, गाडी सपाटीवर, इंजिन चालू, हँडब्रेक घट्ट ओढलेला आणि गिअर न्यूट्रलमध्ये, असं बघायचं. तेल एटीएफ प्लस फोर. "लाल आहे ना, चालतंय" असं म्हणून दुसरं ओतू नका.

पॅन उघडल्यावर चुंबकावर राखाडी मऊ लेप असतो, तो चालतो. चमकणारे कण, बोटाला टोचणारे तुकडे किंवा काळी माती असेल तर काहीतरी जळलंय. आमच्या पॅनमध्ये काळी माती होती, आणि एका ओव्हरड्राइव्ह क्लचच्या मानाने बरीच जास्त.

इथे पुन्हा पुन्हा होण्याचं खरं कारण सापडलं. या गाडीत गिअरबॉक्सचं तेल दोन ठिकाणी थंड होतं. पुढे हवेवरचा कूलर आणि इंजिनाला लागून पाण्यावरचा हीट एक्स्चेंजर. पहिला गिअरबॉक्स जळाला तेव्हा क्लचची राख या दोन्हींत जाऊन बसली. गिअरबॉक्स नवा भरला, कूलर तोच. नव्या तेलाने जुनी राख हळूहळू सोडवून परत आत आणली. वाट चोंदलेली, म्हणून तेल गरमही जास्त. दुसरं दुकान, दुसरं काम, कूलर तरीही तोच. मित्राने दोन्ही वेळची बिलं दाखवली. "कूलर धुतला" असा शब्द एकातही नाही.

हीट एक्स्चेंजर काढून उलट्या बाजूने सॉल्व्हंट सोडला तेव्हा भांड्यात जे पडलं ते बघून मित्र गप्प झाला. आतल्या बारीक पन्हळी पूर्ण साफ झाल्या की नाही हे बाहेरून कळत नाही, म्हणून माझं मत कडक आहे: जळालेल्या गिअरबॉक्सनंतर एक्स्चेंजर धुवू नका, बदला. पुढचा कूलर धुऊन, वाहत्या तेलाचं प्रमाण मोजून ठेवला तर चालतो. परतीच्या नळीत एक छोटा फिल्टरही टाकून द्या.

लाइन प्रेशर, म्हणजे क्लच दाबून धरणाऱ्या तेलाचा दाब, मोजल्याशिवाय कुठलाही नवा क्लच घालू नये. गिअरबॉक्सच्या बाजूला त्यासाठी बूच आहे, तिथे गेज लावायचं आणि सर्व्हिस मॅन्युअलच्या तक्त्याशी जुळवायचं. ज्या गाड्यांत थ्रॉटल व्हॉल्व्हची (पाय दाबू तसं प्रेशर वाढवणारी) केबल आहे तिथे केबल सैल असली की प्रेशर कमी राहतं, गिअर लोण्यासारखे मऊ पडतात आणि मालक खूश होतो. ते मऊपण प्लेटा जळत असल्याचं लक्षण आहे.

मग बदलायचं काय, आणि कोणत्या क्रमाने

आता पैशाची गोष्ट. दुकानदार "स्टेज वन, स्टेज टू" सांगतात. प्रत्येकाचं स्टेज वेगळं, त्यामुळे त्या शब्दाला फार किंमत देऊ नका. साखळी समजून घ्या: इंजिन, फ्लेक्सप्लेट (इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणारी चकती), कन्व्हर्टर, इनपुट शाफ्ट, क्लच, आउटपुट शाफ्ट, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी), प्रोपेलर शाफ्ट, क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधले दाते, ज्यांवरून रेशो ठरतं), ॲक्सल, टायर. यातली सगळ्यात कच्ची कडी आधी तुटते. ती पक्की केली की पाळी पुढच्या कच्च्या कडीची.

मूळ कन्व्हर्टरमध्ये लॉकअपला एकच प्लेट आहे. ताकद वाढवली की तोच पहिला घसरतो. म्हणजे तो नकळत फ्यूजचं काम करत असतो. मित्राच्या दुसऱ्या दुकानाने त्या जागी तीन प्लेटांचा, जाड कव्हरचा कन्व्हर्टर बसवला. भाग उत्तम होता. पण फ्यूजच्या जागी खिळा ठोकावा तसं झालं. सगळा टॉर्क सरळ मागे गेला आणि मूळच्या लाइन प्रेशरवर, मूळच्या प्लेटांवर चालणारा ओव्हरड्राइव्ह क्लच जळाला. नशीब म्हणायचं. लॉकअप लागलेला असताना त्याने जोरात पाय दाबला असता तर मूळ इनपुट शाफ्टच पिळून तुटला असता, आणि तो तुटला की शेजाऱ्यांना घेऊन जातो.

म्हणून माझा ढोबळ क्रम असा. ट्यूनर अगदी सौम्य असेल, मूळपेक्षा पन्नास-साठ हॉर्सपॉवरच जास्त, आणि ट्रेलर मधूनच ओढत असाल तर सुधारित व्हॉल्व्ह बॉडी (कुठल्या क्लचला किती दाबाने तेल द्यायचं ते ठरवणारा भाग), प्रेशर दुरुस्त, कूलर साफ आणि ओव्हरड्राइव्ह बंद करायची सवय. एवढं खूप झालं. व्हॉल्व्ह बॉडी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे, कारण तो दिसत नाही आणि त्याचा फोटो टाकता येत नाही. प्रेशर वाढल्याने त्याच प्लेटा जास्त घट्ट धरतात, आणि बऱ्याच व्हॉल्व्ह बॉड्यांत पार्कमध्येही कन्व्हर्टरला तेल मिळण्याची सोय केलेली असते.

शंभराच्या पुढे गेलात तर कन्व्हर्टर, व्हॉल्व्ह बॉडी आणि जादा प्लेटांचे क्लच ही तिन्ही कामं एकत्रच करा. यातलं एकच काम करून पैसे वाचत नाहीत, ते पुढच्या बिलात दिसतात. कन्व्हर्टर तीन प्लेटांचा घेतला की इनपुट शाफ्ट बिलेटचा (अखंड पोलादातून कोरलेला) घ्याच. इथे बरेच जण कंजुषी करतात, कारण जुना शाफ्ट बघायला ठणठणीत असतो. चाकाला पाचशेच्या पुढे हॉर्सपॉवर हवी असेल तर मधला आणि आउटपुट शाफ्ट, फ्लेक्सप्लेट, बँडचा लिव्हर, सगळंच बदलायची तयारी ठेवा. आणि मग तुम्ही गाडी चालवता आहात की गिअरबॉक्स पाळता आहात, हेही एकदा ठरवा.

हे काम घरी करणार असाल तर एकच सांगणं. ओव्हरड्राइव्ह युनिटमध्ये एक जबर दाबलेली स्प्रिंग असते. प्रेस नसेल तर तिला हात लावू नका. माणसाचा जबडा मोडेल असा तिचा जोर आहे.

लॉकअप हाताने लावायचं बटणही मिळतं. उतारावर एक्झॉस्ट ब्रेकसोबत (धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी रोखणारी सोय) ते फार उपयोगी. पण पाय पूर्ण दाबलेला असताना ते बटण दाबणं म्हणजे शाफ्टवर घण मारणं. आणि थांबताना बंद करायचं विसरलात तर इंजिन सिग्नलवर बंद पडेल, मागचा हॉर्न ऐकवेल.

ट्यूनरबद्दल थोडक्यात. खालच्या आरपीएमला टॉर्क कमी देणारं सेटिंग निवडा, म्हणजे जी काही मजा आहे ती २००० च्या वर मिळेल. उत्सर्जनाची उपकरणं काढून टाकणं अमेरिकेत क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा आहे, त्यामुळे तसली ट्यूनरची फाइल कुणी देऊ केली तरी घेऊ नका.

मॅन्युअलवाल्यांनी वरचं बरंचसं सोडून द्यावं. २००५ पासूनच्या सहा गिअरच्या जी५६ ला दोन तुकड्यांचं फ्लायव्हील येतं. ताकद वाढवली की क्लचसोबत तेही एकसंध फ्लायव्हीलने बदलतात, आणि मग न्यूट्रलला गिअरबॉक्स खडखडतो. खडखड ही बिघाडाची खूण नाही. सोसवत असेल तर करा.

क्राऊन-पिनियन

गिअरबॉक्सवर एवढा खर्च करून मित्राचं अर्धं दुखणं राहिलंच असतं, कारण ते टायरमध्ये होतं. ३१.६ इंचांवरून ३४.५ वर गेला, म्हणजे प्रत्येक चढावर चाक फिरवायला नऊ टक्के जास्त टॉर्क, आणि आरपीएम तेवढेच कमी. इंजिन नेमकं जिथे सर्वाधिक पीळ देतं तिथे आणून ठेवलेलं.

३.७३ च्या जागी ४.१० घातले. आता पस्तीस इंची टायरवर पासष्टला चौथ्यात १७९०. मूळ गाडीचा आकडा १७८० होता, म्हणजे गाडी पुन्हा जागेवर आली. मागचा ॲक्सल ११.५ इंची क्राऊनचा आहे, भक्कम आहे, त्याला दुसरं काही लागलं नाही. पण फोर बाय फोरमध्ये पुढचं आणि मागचं रेशो एकदमच बदलावं लागतं. "पुढचं नंतर करू" म्हणून मागचंच बदललं आणि चुकून फोर व्हील लावलं, तर दोन ॲक्सल एकमेकांशी कुस्ती खेळतील आणि ट्रान्सफर केस हरेल.

पिनियनची सेटिंग करणारा माणूस नीट शोधा. दातांवर रंग लावून छाप बघतो का, एवढंच विचारा. "अंदाजाने बसवतो" म्हणाला तर गाडी परत घरी आणा.

निघताना होणारी थरथर

शेवटी एक गोष्ट, जिचं बिल गिअरबॉक्सच्या नावावर फाटतं. ट्रेलर लावून जागेवरून निघताना ताशी दहा ते वीस मैलांच्या दरम्यान गाडी थरथरते, मग गुळगुळीत चालते. हे बहुतेक वेळा गिअरबॉक्सचं नसतं. लांब गाडीत प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग. रबर फाटलं किंवा गाडी उंच केल्यामुळे शाफ्टचा कोन बिघडला की ही थरथर येते. चाकांना अडवायला ठोकळे लावा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्या आणि शाफ्ट हाताने हलवून बघा. शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसच्या टोप्यांभोवती लाल-तपकिरी भुकटी दिसली तर आत ग्रीस संपून कधीच गंज चढला आहे. जोर वाढवलेल्या गाडीत निघताना मागचा ॲक्सल पाट्यांवर पीळ घेतो, तेव्हा तोच कोन क्षणभर आणखी बिघडतो. त्याला ट्रॅक्शन बार (ॲक्सलला पिळू न देणारा दांडा) हा उपाय आहे, पण आधी शंभरेक डॉलरचं बेअरिंग आणि क्रॉस बदलून बघा.

मित्राच्या यादीत शेवटी पडलं ते असं: व्हॉल्व्ह बॉडी, ओव्हरड्राइव्ह आणि डायरेक्ट क्लचला (तिसऱ्यापर्यंतचा जोर ओव्हरड्राइव्ह युनिटमधून सरळ नेणारा) जादा प्लेटा, बिलेट इनपुट शाफ्ट, नवा एक्स्चेंजर, अल्टरनेटर, पुढे-मागे ४.१० आणि एक सेंटर बेअरिंग. कन्व्हर्टर तोच ठेवला, उघडून तपासून. दसऱ्याच्या आदल्या शनिवारी तो परत नॉक्सव्हिलकडे निघाला. जेलिकोच्या पायथ्याशी त्याने बटण दाबलं की नाही, हे मी विचारलं नव्हतं. वरून त्यानेच फोटो पाठवला. स्पीड साठ, काटा २४०० वर उभा, ओव्हरड्राइव्ह ऑफचा दिवा लागलेला. खाली वहिनींनी लिहिलं होतं, "आवाज फार येतोय हो दादा, हे नॉर्मल आहे ना?"

आहे.